मंजुळा पाणी का पीत नाही

मंगळवार, १० मार्च १९८७
बोईसर, चुरी डॉक्टरीणबाईंचा दवाखाना

ही वही मी हौसेने घेतलेली नाही. डॉक्टरीणबाई सकाळी म्हणाल्या, "विश्रामकाका, इथे नुसत्या येरझाऱ्या घालू नका. मंजुळाबाईंच्या पोटात पाणी किती गेलं आणि लघवी किती झाली, सगळं मापून लिहून ठेवा." मी म्हटलं, बाई, मी तांडेल आहे. तीस वर्षं चिंचणीची बोट माझ्या शब्दावर समुद्रात गेली आणि परत आली. मला हे काम? त्या म्हणाल्या, हो, तुम्हालाच. आणि काचेची मापाची बरणी माझ्या हातात दिली.

मंजुळा खाटेवर पडल्या पडल्या हसली. ताप एकशेतीन, आणि हसते!

चार दिवस थंडी भरून येत होती, कमरेच्या वर पाठीत दुखत होतं, लघवीला आग होत होती. कुणाला सांगितलं का? नाही. पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जातच होती. काल इथल्या नाक्यावर मासे विकता विकता आडवी झाली, तेव्हा तिच्या शेजारी बसणाऱ्या जमनाने रिक्षात घालून इथे आणली. मला निरोप दुपारी. मी आलो तो ओरडतच आलो. मग तिचे सुजलेले पाय पाहिले आणि खाटेच्या कडेला बसलो.

रक्त तपासलं. दोन्ही किडन्यांना जंतूंनी धरलंय, काम जवळजवळ बंद. डॉक्टरीणबाई मला बाहेर घेऊन म्हणाल्या, "सलाईन, इंजेक्शनं चालू केलीत. चार-पाच दिवस बघू. लघवी वाढली नाही तर मुंबईला न्यावं लागेल, मशीनवर रक्त धुवायला."

रक्त धुतात हे मला माहीत नव्हतं.

आत: ८०० मिली. बाहेर: २५०.

बुधवार, ११ मार्च

आज डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा उलटा करून चित्र काढून दाखवलं. मी समजत होतो की पाणी प्यालं की पोटातून सरळ खाली उतरतं, मोरीच्या नळासारखं. तसं नसतं! पाणी आतड्यातून आधी रक्तात जातं. रक्त फिरत फिरत किडन्यांत येतं. किडन्या दोन, पाठीत, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास, वालाच्या दाण्याच्या आकाराच्या पण मुठीएवढ्या. त्या रक्त गाळतात. दिवसाला किती गाळत असतील? पावणेदोनशे लिटर! मी दोनदा विचारलं. बोटीवरचं पाण्याचं पिंप दोनशेचं असतं, माणसाच्या पाठीत रोज जवळजवळ तेवढं गाळलं जातं, आणि पाठीला पत्ता नाही.

"मग बाहेर दीड-दोन लिटरच कसं येतं?" मी विचारलं.

"कारण बाकीचं परत रक्तात घेतात. आधी सगळं बाहेर ओतायचं, मग हवं ते उचलायचं, आणि उरलेली घाण तेवढी टाकायची."

हे मला लगेच कळलं. आम्ही जाळं वाळूत ओततो, मग बायका कामाचं वेचून पाटीत भरतात, कचरा तिथेच. मंजुळा म्हणाली, "म्हंजे किडनी बाईमानूस हाय."

डॉक्टरीणबाई हसल्या. पुढे म्हणाल्या, दोन्हीकडून वीतभर लांबीच्या नळ्या खाली मूत्राशयात येतात. ती पिशवी अर्धी भरली की मेंदूला निरोप देते. निरोप आला की जायचं. थांबवून ठेवलं तर साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, नळ्यांतून वर चढतात आणि किडनी गाठतात. बायकांचा बाहेरचा मार्ग आखूड, म्हणून त्यांना हा त्रास जास्त. हे ऐकताना मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

मग त्यांनी मंजुळेला विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

"पिते की."

"किती?"

"सकाळी चहा. मग घरी आल्यावर."

पहाटे पाचला घर सोडते, दुपारी तीनला येते. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मधे का नाही पीत?"

"तहान लागत नाय मला," मंजुळा म्हणाली आणि भिंतीकडे बघू लागली.

तहान लागत नाही म्हणे! मार्चच्या उन्हात, उघड्यावर! हट्टी आहे, दुसरं काही नाही. लग्न झाल्यापासून बघतोय.

आत: ७५०. बाहेर: २८०. रंग कोऱ्या चहासारखा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रंग लिहीत जा. गवती चहाच्या पाण्यासारखा फिका असला तर बरं, कोऱ्या चहासारखा असला तर किडनी पाणी वाचवतेय.

गुरुवार, १२ मार्च

बाहेर: २२०. काही लिहावंसं वाटत नाही.

शुक्रवार, १३ मार्च

आज माझीच पूजा झाली. तीन दिवस मंजुळा जेवली नव्हती. इथली मिठाशिवायची पेज बघूनच तोंड फिरवायची. म्हणून मी सकाळच्या एसटीने घरी गेलो, मडक्यातला खारा बांगडा काढला, धुतला, निखाऱ्यावर भाजला, भाताबरोबर आणला. बोटं चाटून खाल्लंन. मला एवढं बरं वाटलं की काय सांगू.

संध्याकाळी पाय आणखी सुजले, डोळ्यांखाली फुगलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय दिलंत? मी सांगितलं. त्या इतक्या ओरडल्या की बाजूच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "मीठ बंद सांगितलं होतं ना!"

"मी वरून चिमूटभरसुद्धा घातलं नाही, बाई."

"काका, तो मासा मिठातच महिनाभर राहिलाय!"

आता खरं लिहितो. खाऱ्या माशातलं मीठ हे मीठ म्हणून धरायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे खारा म्हणजे मासा. मीठ म्हणजे बरणीतलं. जास्तीचं मीठ बाहेर टाकणं हेही किडनीचंच काम, आणि ती पडलेली असेल तर मीठ अंगातच राहतं आणि पाण्याला धरून ठेवतं. म्हणून सूज.

नंतर मंजुळेला म्हटलं, तुला तरी कळायला नको का? ती म्हणाली, "कळलं होतं. तुमी हात भाजून घेतला होता तो बघितला. मग नको कसं म्हनू?"

मूर्ख बाई. देवा, या मूर्ख बाईला मुंबईच्या मशीनवर नको पाठवू.

बाहेर: २४०.

रविवार, १५ मार्च. होळी

काल ४०० झाली होती. मी कुणाला बोललो नाही, नजर लागेल म्हणून. आज संध्याकाळपर्यंत बरणीत मोजली ती ९५०! पुन्हा मोजली. ९५०! मी बरणी हातात घेऊन तसाच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेलो. आत दुसरा पेशंट होता, त्याने नाक धरलं. धरू दे.

चिंचणीच्या किनाऱ्यावर आज होळी पेटली असेल, बायका नाचत असतील. मंजुळेशिवाय त्यांची फेरी कशी लागली असेल कोण जाणे, दरवर्षी गाणं तीच उचलते. मी तिला म्हटलं, इथेच म्हण हळू आवाजात. तिने दोन ओळी म्हटल्या आणि तिला दम लागला. मला रडू आलं. ती म्हणाली, "शिमग्याला रडतात का, ओ?"

सोमवार, १६ मार्च

बाहेर: २१००. रंग गवती चहा! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडन्या उघडल्या. आजवर पाणी मोजून देत होतो, आता आम्हीच म्हणू, प्या.

शनिवार, २१ मार्च. चिंचणी

घरी आणली. निघताना डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. "या वेळी वाचल्या. पण किडन्यांना मार बसलाय. परत असंच झालं तर त्या उठतील याची मी खात्री देणार नाही. दिवसाला अडीच लिटर पाणी, आणि दर तीन तासांनी लघवीला जायचंच. एक दिवससुद्धा चुकायचं नाही."

मी म्हटलं, माझ्यावर सोडा. दोन लिटरचा प्लास्टिकचा कॅन आणलाय. उकळून, गार करून, भरून देतो. घरी पिते, तक्रार नाही. मागच्या परसात नारळाच्या झापांची मोरी आहेच. बघा, मनात आणलं तर पिते!

बुधवार, २५ मार्च

पंधरा दिवस तिने बाजारात जायचं नाही. पण नाक्यावरची जागा रिकामी राहिली तर दुसरी कुणी बसेल, आणि गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे वळलं की परत वळत नाही. आमचा मुलगा एकनाथ बोटीवर. शेवटी आज मीच पाटी घेऊन गेलो. आमच्यात बाप्या मासे धरतो, विकते ती बाई. पुरुषाने पाटीपुढे बसलेलं चिंचणीत कुणी पाहिलं नसेल. जमना मोठ्याने म्हणाली, "या तांडेल, पदर घ्या डोक्यावर!" सातही बायका पोट धरधरून हसल्या.

ऊन भयंकर. मी चहावाल्याच्या माठातलं पाणी चार-पाच वेळा प्यालो, आणि समोरच्या लाकडाच्या वखारीच्या भिंतीकडे तीनदा जाऊन आलो. तीन तासांचा नियम मी पण पाळतो म्हटलं. जमनालाही त्याच माठातलं पाणी देऊ केलं. "नको, तांडेल." बाकीच्यांनाही विचारलं. कुणालाच नको. दिवसभरात सात बायकांपैकी एकीनेही घोट घेतला नाही. तोंडात मिश्री धरून बसतात.

बायकांना तहान मुळातच कमी लागत असावी. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं.

गुरुवार, २६ मार्च

हा माझा शोध मंजुळेला सांगितला. हसेल वाटलं होतं. ती कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "तीनदा गेलात वखारीकडं?"

"हो, तीनदा."

"बरं," म्हणाली.

शुक्रवार, ३ एप्रिल

मंजुळा आजपासून बाजारात. मी नको म्हणत होतो. भरलेला कॅन पाटीत ठेवून दिला आणि गळ्याची शपथ घातली. दुपारी आली, कॅन रिकामा! शाबास म्हटलं.

पण आल्या आल्या ती धावतच मोरीत गेली. माझ्या वहीचा नियम अजून चालू आहे. २०० मिली. रंग कोरा चहा.

दोन लिटर आत, दोनशे बाहेर. बाकीचं गेलं कुठे? घाम म्हणावा तर एवढा?

शनिवार, ४ एप्रिल

आज पण तेच. कॅन रिकामा, बाहेर १८०, रंग काळसर. पाठीवर हात ठेवून उभी होती. मी विचारलं तर म्हणाली, पाटी जड होती.

मी डॉक्टरीणबाईंचा पुठ्ठा काढून तासभर बघत बसलो. रक्तात पाणी कमी पडलं की किडनी वाचवायला लागते आणि रंग गडद होतो. म्हणजे पाणी रक्तात गेलंच नाही. म्हणजे पोटात गेलं नाही. बायको खोटं बोलेल, तिची किडनी बोलणार नाही.

रविवार, ५ एप्रिल

आज तिला न सांगता तिच्या मागोमागच्या एसटीने गेलो आणि वखारीच्या कोपऱ्यावर उभा राहिलो.

साडेदहाच्या सुमाराला मंजुळेने कॅन उघडला. मला वाटलं, पिते आता. तिने ते पाणी ओंजळीत घेतलं आणि पापलेटांवर शिंपडलं! मी पहाटे उठून उकळलेलं, फडक्याने गाळलेलं पाणी, मेलेल्या माशांवर!

माझं डोकं फिरलं. भर नाक्यावर, गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, "मरायचंय का तुला? मला रांडवा करायचंय का?"

ती उठून उभी राहिली. बावीस वर्षांत तिने चारचौघांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता. आज चढवला.

"पिऊ? आन जाऊ कुठं? सांगा ना, जाऊ कुठं? तुमी तीनदा वखारीच्या भितीला गेलात, सगळ्या बाजारानं बघितलं, कुणी काय बोल्लं नाय. मी बसू त्या भितीला? ही जमना बसेल? दिवसभर धरून ठेवायचं तर पानी पिऊन काय करू?"

गिऱ्हाइकं खाली बघायला लागली. जमनाच्या डोळ्यांत पाणी होतं. मी सातही जणींकडे बघितलं, एकेकीकडे, आणि एकीच्याही नजरेला नजर देता येईना.

बावीस वर्षं. लघवीला आग होते म्हणायची, मी धण्याचं पाणी दे म्हणून सांगायचो आणि जाळं विणत बसायचो. बोटीवर काय, काठाला उभं राहिलं की झालं, सगळा समुद्र आपलाच. मला हे एकदाही सुचू नये? जगातला सगळ्यात मोठा गाढव मी आहे. वहीत लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाही म्हणता येणार नाही.

मंगळवार, ७ एप्रिल

मंजुळेला घरी बसवलं आणि नाक्यामागच्या चाळीत गेलो. दारोदार. काय सांगायचं हेच कळत नव्हतं. "आमच्या बायकांना तुमच्या संडासात जाऊ द्याल का," असं कुठल्या तोंडाने विचारायचं? पण विचारलं. एकाने दार लावलं. एक म्हणाली, माशांचा वास येईल. एकाला वाटलं मी प्यालोय. पाच घरं झाली आणि वाटलं, परत फिरावं.

सहावं दार सोजराबाईंचं. नगरकडची माणसं, नवरा चंद्रभान कारखान्यात आहे. बाई गळ्यात माळ घालणारी, माशाला शिवत नाही. मी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं, किडनी, जंतू, अडीच लिटर, सगळं. बाई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "भाऊ, आमच्या गावाकडं बी दिस बुडस्तवर बाईनं थांबायचं. पोट तट्ट फुगायचं, डोळ्यांपुढं अंधारी यायची. माझी थोरली जाऊ असल्याच तापानं गेली. तिला काय झालं व्हतं ते आज तुमच्या तोंडून कळलं." तिने पदराने डोळे पुसले. "येऊ द्या त्यांना. कवाबी."

पण एक अडचण होती. त्यांना नळ सकाळी एक तास, त्यातलं पाणी घरालाच पुरत नाही. आठ बायका दिवसातून दोन-दोनदा यायच्या तर ओतायला पाणी कुठून आणणार?

"पाणी मी भरीन," मी म्हटलं. "पिंपही मीच आणीन."

चंद्रभान कामावरून आला तो मधेच म्हणाला, "तुमी? तुमी तर बोटीचे मालक ना?"

"हो," म्हटलं. "पाण्यातलाच माणूस आहे."

गुरुवार, ९ एप्रिल

बोटीवरचं जुनं पिंप घासून चंद्रभानच्या दारात नेऊन ठेवलं. पहाटे मंजुळेबरोबरच एसटीने जातो, पलीकडच्या विहिरीवरून कळशीने वीस खेपा घालतो. गुडघे बोंबलतात.

सोमवार, १३ एप्रिल

गावात सगळ्यांना कळलं. शांतारामने पारावर विचारलं, "काय तांडेल, बायकांच्या संडासात पाणी भरता म्हणे?" सगळे हसले. मी म्हटलं, "हो. तुझी बायको पण तिथंच जाते. उद्यापासून तू ये, मी एकटा पुरत नाही."

तो काही आला नाही. पण परत हसलाही नाही.

शुक्रवार, २४ एप्रिल

रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी दोन वेळा वाचला आणि म्हणाल्या, किडन्या ठीक चालल्यात. मग माझी वही मागितली आणि सगळी चाळली. मी म्हटलं, बाई, मधली पानं नका वाचू. त्यांनी वाचली. परत देऊन त्या उठल्या आणि आतून माझ्यासाठी चहा आणला. स्वतः.

रविवार, २६ एप्रिल

आज सुट्टीचा बाजार, नाक्यावर ही गर्दी. मी पिंप भरून येऊन मंजुळेच्या मागे सावलीत बसलो होतो. एक बाई सुरमईसाठी घासाघीस करत होती. ऐन भावात मंजुळेने तांब्या उचलला, घटाघटा प्याली, तोंड पुसलं आणि उठली.

"बसा हितं," मला म्हणाली, "आलेच मी." आणि चालू लागली. घाई नाही, तोंड लपवणं नाही, गल्लीच्या मधोमध, साडीला झटका देऊन.

ती गिऱ्हाईक बाई म्हणाली, "अहो, मावशी कुठे गेल्या मधेच?"

मी खणखणीत आवाजात सांगितलं, "लघवीला गेलीय. येईल आता. थांबा."

ती बाई लाजली. जमनाने तोंडाला पदर लावला आणि खांदे हलेपर्यंत हसली. मग तीही उठली. "तांडेल, माझी पन पाटी बघा हां." मग तिसरी उठली, मग चौथी, आणि एकेक करत सगळ्या सोजराबाईच्या दाराकडे निघाल्या. चालता चालता मंजुळेने काहीतरी गाणं धरलं होतं, गर्दीत नीट ऐकू आलं नाही.

आठ पाट्या आणि मी एकटा. भाव मला एकाही माशाचा ठाऊक नाही. माशा हाकत बसलो, येणाऱ्या प्रत्येकाला थांबा म्हणून सांगितलं. अर्धा तास झाला तरी एक परतली नाही. सोजराबाईंकडे गप्पा मारत बसल्या असणार. मी म्हटलं, बसा गो, बसा.